पाटीचे आयुष्य

मराठीत ‘पाटी’ हा शब्द पुसल्या जाणाऱ्या अक्षराचा सोबती आहे. धूळपाटीवर बोटाने गिरवलेला ‘श्री’ पुढच्या अक्षराला जागा करून देण्यासाठी मोडला जाई. दगडी पाटीवरचा पाढा ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्याने नाहीसा होई. असे असता, पिढ्यानुपिढ्या टिकावे म्हणून दुकानाच्या कपाळावर लिहिलेल्या अक्षरांनाही आपण ‘पाटी’च म्हणतो, हे मोठे गमतीचे आहे. शासनाच्या परिपत्रकात ‘नामफलक’ असतो, बाजारात ‘बोर्ड’ असतो. पण दोन्हीकडे चालेल असा शब्द ‘पाटी’ हाच. काही गोष्टी शब्दांना आपल्या आधी कळलेल्या असतात की काय, अशी शंका यावी!

हिंगोली जिल्ह्यातल्या दुकानांच्या पाट्या आम्ही दोघे बऱ्याच वर्षांपासून पाहत आहोत. पाहत आहोत म्हणजे वाचत आहोत. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांनीही चाळिशी ओलांडलेली. एम.ए.ला भाषाविज्ञान आणि पाठचिकित्सा शिकलो, आणि त्या शिक्षणाला गावात दुसरे गिऱ्हाईक नसल्यामुळे ते पाट्यांवर वापरतो. वर्गात आम्ही जे वाचतो ते सातशे वर्षे टिकून आमच्यापर्यंत आलेले असते. बसस्थानकापासून मोंढ्यापर्यंत चालताना जे वाचतो ते पुढच्या दिवाळीपर्यंत राहील याची खात्री नसते. या दोन वाचनांमधल्या अंतराविषयी हे थोडेसे लिहीत आहोत.

हस्तलिखिताचा काळ ठरवताना अंतर्गत पुरावा आणि बाह्य पुरावा असा भेद आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पाट्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तेव्हा ज्या पाटीवर ‘हिंगोली, जि. परभणी’ असे आहे ती त्याआधीची, हे चटकन सांगता येते. दूरध्वनीचा क्रमांक चार-पाच आकडी असेल तर पाटी भ्रमणध्वनीच्या आधीची. आणि दहा आकडी क्रमांक निराळ्या हाताने, निराळ्या रंगात कोपऱ्यात कोंबलेला असेल तर तो सरळसरळ प्रक्षेप. ‘एसटीडी पीसीओ’च्या पिवळ्या पाट्या अजून कुठे कुठे तग धरून आहेत, त्यांखालची काचेची खोली गेली, फोन गेला, पाटी राहिली. रिचार्जच्या दुकानांवर तर गतप्राण कंपन्यांची नावे सुखाने नांदतात. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. व्होडाफोन आणि आयडिया त्याच वर्षी एकत्र झाल्या आणि २०२० मध्ये त्यांनी नवे नाव घेतले. पण पत्र्याला हे कोणी कळवलेले नसते. येथे आशय आधी मरतो आणि द्रव्य मागे उरते.

त्याहून जुना थरही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. जुन्या बाजारपेठेतल्या एका भिंतीवर, चुन्याचे पोपडे निघाले की, उजवीकडून डावीकडे जाणारी एक ओळ खालून वर येते; पुढच्या पोळ्याला किंवा लग्नसराईला भिंत रंगवली की ती पुन्हा बुडते. रेल्वेने मात्र जुने नाव सोडलेले नाही. तिच्या दप्तरी आमचे स्थानक आजही ‘हिंगोली डेक्कन’ आहे. आमच्या नवीन विद्यार्थ्यांना हा ‘डेक्कन’ म्हणजे पुण्याचा काहीतरी संबंध वाटतो. तो नाही, हे सांगितल्यावर मग हैदराबाद संस्थान, विलीनीकरण, १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० चा महाराष्ट्र असा सगळा इतिहास एका पाटीखाली उभे राहून सांगता येतो. वसमतचेही तसेच आहे. गावाची पाटी ‘वसमत’ म्हणते, रेल्वे ‘बसमत’ म्हणते, आणि दोन्ही लेखने एकाच रस्त्यावर एकमेकांची ओळख न दाखवता उभी असतात.

पाटीचा अर्थ आणि तिचा टिकाऊपणा यांचा संबंध किती जवळचा आहे, हे पाहायचे असेल तर किराणा दुकानाच्या गल्ल्यामागची ती छोटी पाटी पाहावी: ‘आज रोख, उद्या उधार’. ही पाटी फक्त एकच दिवस लावली तर ते वचन होईल. ती कायम लावलेली असते म्हणूनच तो नकार असतो. काळ हाच त्या वाक्याचा खरा कर्ता आहे. मराठीतल्या सर्वांत छोट्या आणि सर्वांत निर्दय विनोदांपैकी हा एक असावा, आणि तो जर फ्लेक्सवर छापला तर वर्षभरात फिका पडून बिचारा खराही होऊ शकेल.

आता फ्लेक्सविषयी बोलायलाच हवे.

दगडावर लेख कोरणाऱ्यांनी आपल्या अक्षराच्या आयुष्याची मर्यादा स्वतःच लिहून ठेवली होती: आचंद्रार्क, म्हणजे चंद्र आणि सूर्य आहेत तोवर. कितीतरी मध्ययुगीन दानलेखांच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले आढळतात. त्या काळी सूर्य हा लेखाचा साक्षीदार होता. आज तोच त्याचा मारेकरी झाला आहे. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीदार कापडावर दोन्ही बाजूंनी चढवलेले पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक. ते गुंडाळता यावे म्हणून त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात ही द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात आणि फ्लेक्स वाळलेल्या पानासारखा खडखडू लागतो. मग खिळ्यांपाशी आणि चौकटीच्या कडांशी तो तडकतो, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्याला फाटतो.

पण त्याच्या आधी रंग जातात, आणि त्या जाण्यालाही एक क्रम आहे. छपाईत चार शाया असतात: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रंगद्रव्याच्या रेणूंतले बंध तोडतात. सहसा पिवळी आणि किरमिजी शाई आधी हार मानते. निळी शाई थॅलोसायनिन नावाच्या चिवट कुळातली, ती मागे उरते. म्हणून उन्हात राहिलेल्या फ्लेक्सवरची माणसे निळी पडतात. सराफाच्या जाहिरातीतली नवरी, वाढदिवसाच्या फलकावरचा भावी नगरसेवक, बियाण्याच्या पाकिटावरचा टपोरा कापूस हे सारे वर्षाअखेरीस एकाच निळसर छायेत जातात. सर्वांत शेवटपर्यंत टिकते ती काळी, कारण ती कार्बन आहे, म्हणजे काजळी. आपल्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीची आणि डिंकाची होती. ती आजही काळीभोर आहे. फ्लेक्समध्ये पोथीचा एवढाच अंश उरला आहे, आणि तो अंश खरोखरच टिकतो. चित्र गेले तरी काळ्या अक्षरातला पत्ता वाचता येतो.

हा पिवळ्याचा कच्चेपणा हिंगोली जिल्ह्याला नवा नाही. हा हळदीचा मुलूख. हिंगोलीत हळदीचा स्वतंत्र मोंढा आहे, तो संत नामदेवांच्या नावाने. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचा डाग साबणाने जात नाही पण उन्हात जातो, हे येथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळदीतले कर्क्यूमिन प्रकाशात विघटित होते, असे त्याचे शास्त्रीय कारण. पण ज्ञान आधी दोरीवरच्या लुगड्याला झाले आणि प्रयोगशाळेला नंतर. हळद शिजवून उन्हातच वाळवतात, तरी तिचा रंग राहतो, कारण तो कांडीच्या पोटात असतो. फ्लेक्सला पोट नाही, त्याचा सगळा रंग पृष्ठभागावर. साहित्यसमीक्षेत हे वाक्य वापरण्याचा मोह आम्हांला अनेकदा होतो आणि आम्ही तो आवरतो.

दुकानदाराला हे सारे कळत नाही असे नव्हे. चौरस फुटाला दहा-वीस रुपयांत, सकाळी सांगितले की संध्याकाळी हातात येते. फिके पडले की दुसरे. शिवाय त्याचे तर्क निराळे असतात. त्याला वास्तुशास्त्राप्रमाणे दुकानाचे तोंड पूर्वेला हवे असते. रंगांना विचारले तर ते उत्तरेला म्हणतील, कारण दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली पाटी सर्वांत लवकर उतरते. मोठ्या दुकानांनी आता अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक भरलेल्या फळ्या आणि त्यांवर अॅक्रिलिकची उठावाची अक्षरे घेतली आहेत. अॅक्रिलिक उन्हाला चांगले तोंड देते, आठ-दहा वर्षे सहज. आत एलईडीचे दिवे असतात. त्यांचे आयुष्य पन्नास हजार तास असे सांगतात. रोज सहा तास धरले तर हिशेब बावीस वर्षांवर जातो. प्रत्यक्षात दिवा जिवंत असतो आणि त्याला वीज पुरवणारी डबी उष्णतेने व कमीजास्त दाबाने आधी जळते. मग अक्षरे एकेक करून विझतात. महामार्गावरच्या एका भोजनालयाचे पहिले अक्षर विझल्यामुळे ते कित्येक महिने रात्री ‘जनालय’ होते. आम्हांला ते नाव अधिक आवडले होते.

यात आणखी एक आयुष्य मिसळते, ते कंपनीच्या जाहिरात-मोहिमेचे. सिमेंट, रंग, बियाणे, खते, मोबाइल यांच्या कंपन्या दुकानदाराला पाटी फुकट करून देतात. तीन हिस्से जागा कंपनीच्या नावाला, आणि तळाच्या पट्टीत दुकानाचे नाव, बहुधा मालकाच्या दिवंगत वडिलांचे किंवा कुलदैवताचे. अशी पाटी ऊन-पावसाने मरण्याच्या आतच बदलते, कारण कंपनीचा रंग बदलतो. दुकानदाराच्या बापाचे नाव दर दोन वर्षांनी एका नव्या मालाच्या पायाशी जाऊन बसते.

पत्र्याच्या पाटीची गोष्ट निराळी होती. तिच्याविषयी आमच्या मनात स्मरणरंजन आहे असे कोणी म्हणेल, थोडे असेलही. पण मुद्दा स्मरणरंजनाचा नाही, तो लेखनपरंपरेचा आहे.

लोखंडी पत्रा घासायचा, त्यावर गेरूसारख्या तांबूस रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की जमिनीचा रंग दोनदा, मग दोरीला खडूची पूड लावून ती ताणून सोडायची म्हणजे सरळ रेघ उमटते. त्या रेघेला शिरोरेषा टांगून पेंटर अक्षरे लिही. मनगटाखाली एक काठी, तिचे टोक पाटीच्या कडेवर. हाताचा स्पर्श ओल्या रंगाला होता कामा नये. आधी अक्षराचा देह, मग छाया, मग बारीक कुंचल्याने उजळ कड, आणि उजव्या कोपऱ्यात चिमुकली सही: अमुक आर्ट्स. दुकानाच्या पाटीवर लेखकाचे नाव असण्याची ही प्रथा वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवली जायला हवी होती. जुन्या काळच्या पिवळ्या रंगात शिशाचे क्रोमेट असे, त्यामुळे तो पिवळा वर्षानुवर्षे हटत नसे. शिसे माणसाला घातक, म्हणून घरगुती रंगांतले त्याचे प्रमाण २०१७ पासून कायद्याने जवळपास नाहीसे केले, आणि ते योग्यच झाले. टिकाऊपणाची किंमत कोण देतो हे विचारायला हवे. येथे ती बहुतेक पेंटरची फुप्फुसे देत होती.

अशी पाटी साधारण सात-आठ वर्षे टिके. तेलाचा बंध उन्हाने सुटला की रंग पिठासारखा होतो. बोट फिरवले तर बोटाला लागतो. मग दुकानदार पेंटरला बोलावी, आणि पेंटर काय करी? तो नवी पाटी लिहीत नसे. जुन्याच अक्षरांच्या पुसट कडांवरून पुन्हा कुंचला नेई. बापाने लिहिलेल्या ‘क’वरून मुलगा ‘क’ लिही. अशा तीन-चार पुनर्लेखनांतून एकच पाटी चाळीस वर्षे चाले. पत्रा टिकला हे खरे, पण पत्र्यामुळे ती टिकली नाही. ती गिरवली गेल्यामुळे टिकली.

मराठीच्या अभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटावी. अक्षर टिकवण्याचे दोनच मार्ग माणसाला सापडले आहेत: कठीण द्रव्य शोधणे, किंवा नकलून घेणे. लोखंडावर काचेची भुकटी आठशे अंशांच्या आसपास तापवून जडवलेल्या जुन्या पाट्या पहिल्या मार्गाच्या. त्यांचा रंग शंभर वर्षांतही उतरत नाही. टवका उडाला तरच तेथून गंज शिरतो. आपले वाङ्मय मात्र बहुतांशी दुसऱ्या मार्गाने आले. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, अशी परंपरा आहे, तिच्या नकलांमधून पाठभेद आले, आणि त्या पाठभेदांवर आमच्यासारख्यांची घरे चालली. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यातले. त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत टिकून आहेत. दगड नाही, पत्रा नाही; दुसऱ्याने आपले मानून उतरवून घेतले म्हणून.

आता यावर कोणी म्हणेल की फ्लेक्सही नकलण्याचेच तंत्र आहे, फाटला की पुन्हा छापा. आम्हांलाही प्रारंभी तसे वाटले होते. पण फ्लेक्सची दुसरी प्रत पहिलीची नक्कल नसते. दुकानातल्या संगणकावरची जुनी संगणकप्रत बहुधा पुसलेली असते. नवा मुलगा, नवा टाइप, नवे देवाचे चित्र. नाव तेवढे राहते, तेही कधी ऱ्हस्वाचे दीर्घ होऊन. लेखनिकाने चूक केली तर ती मागच्या प्रतीशी ताडून पाहता येते. येथे मागची प्रतच नाही. संहिता आहे, परंपरा नाही. पाठचिकित्सेला धरायला जागाच नाही.

यात सर्वांत मोठे नुकसान वळणाचे झाले. हाताने लिहिणाऱ्या पेंटरचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचा असे. तो त्याला शाळेत मिळाला होता, बाळबोध गिरवताना. फ्लेक्सच्या दुकानांत जे देवनागरी टाइप आले त्यांतले बरेचसे हिंदी वळणाचे. ‘ऱ्य’चा चंद्राकृती रफार त्यांना झेपत नसे, आणि ‘ळ’ कधी कधी दुसऱ्याच टाइपमधून उचलून आणावा लागे. कळमनुरीच्या ‘ळ’ला या काळात फार सोसावे लागले आहे. मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे कशी असावीत याविषयी शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला. पण बाजारातला संगणक शासननिर्णय वाचत नाही. आता युनिकोडमुळे चांगले टाइप फुकट मिळतात, ही जमेची बाजू. ते वापरण्याची असोशी किती जणांना आहे, हा निराळा प्रश्न.

महाराष्ट्रात पाट्यांवर एवढी भांडणे झाली, ती सारी भाषेची आणि लिपीची. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असेही त्यात आहे. मुंबईतल्या व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. आम्ही या कायद्याच्या बाजूचे आहोत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. हिंगोलीत तो वाद फारसा पेटलाच नाही, कारण येथले किराणा-भुसार, आडत आणि रसवंती मराठीतच होते. पण कायदा अक्षराची उंची मोजतो. त्याचे वळण आणि त्याचे आयुष्य मोजण्याची फूटपट्टी कुठल्याच निरीक्षकाकडे नसते. मराठी आहे म्हटल्यावर आपण समाधानी होतो; ती मराठी जून महिन्यापर्यंत वाचता येईल काय, हे विचारत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी मांडलेल्या पुराव्यांत नाणेघाटातला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख होता. नाणेघाट म्हणजे व्यापाराची वाट, तेव्हा तोही रस्त्याकडेचाच लेख म्हणायचा. आनंदाच्या भरात आमच्याकडे अनेक ठिकाणी अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. त्यांतला एक आम्ही रोज जाता-येता पाहत होतो. ‘अभिजात’ हा शब्द लाल रंगात होता, बाकीचा मजकूर काळ्यात. उन्हाळा संपेपर्यंत काळा मजकूर शाबूत राहिला आणि मधला शब्द जवळजवळ दिसेनासा झाला. यात कोणाचा दोष नाही. किरमिजी शाईचा स्वभाव तसा आहे.

आमच्या एम.ए.च्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. त्याचे वडील पेंटर. तालुक्याच्या गावातली निम्मी दुकाने त्यांच्या हातची, शाळांच्या भिंतींवरची सुवचनेही त्यांचीच, आणि ट्रकांच्या पाठीवरचे हिरवे पोपट तर कितीतरी. फ्लेक्स आल्यावर दोन-तीन वर्षांत काम थांबले. मुलगा शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून फ्लेक्सच्याच दुकानात मजकूर जुळवायला लागला. बापलेकांत यावरून अबोला असेल असे आम्हांला वाटले होते. साहित्य शिकवणाऱ्यांना असे संघर्ष फार लवकर दिसतात. तसे काही नव्हते. मुलाने बापाच्या हस्ताक्षरातले ‘ल’, ‘श’, ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ कागदावर काढून घेतले होते आणि दुकानातल्या संगणकात ते एकेक चित्र म्हणून साठवले होते. गिऱ्हाइकाला घाई नसेल त्या दिवशी तो छापील टाइपमधला ‘ळ’ काढून तेथे वडिलांचा ‘ळ’ बसवी. कोणाच्या लक्षात येत नसे. त्यासाठी त्याला एक पैसाही जास्त मिळत नव्हता, आणि मालकाला कळले असते तर वेळ घालवल्याबद्दल बोलणीच बसली असती.

आम्ही त्याला प्रकल्पासाठी जिल्ह्यातल्या पत्र्याच्या पाट्यांची छायाचित्रे घ्यायला सांगितले. त्याने पाचही तालुके फिरून दीडशेवर पाट्या टिपल्या: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत. प्रत्येकीची लांबी-रुंदी, तोंडाची दिशा, सही असल्यास सही, शेवटचा हात कधी फिरवला ते मालकाला विचारून. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यात साहित्य कुठे आहे असे विचारले आणि गुण बेताचेच दिले. नंतर अकोला-नांदेड महामार्गाचे चौपदरीकरण झाले, गावांतली अतिक्रमणे निघाली, दुकाने मागे सरली. त्याच्या छायाचित्रांतल्या पाट्यांपैकी अवघ्या एक्केचाळीस आज जागेवर आहेत. मागच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी फिरून मोजल्या. बाकीच्यांची एकमेव प्रत त्याच्या प्रकल्पवहीत, आणि ती विभागाच्या कपाटात आहे. कपाट लोखंडी आहे, पण वाळवीला लोखंडाचे वावडे नसते, म्हणून तिची दुसरी प्रत काढून एक त्याच्या वडिलांना दिली.

त्या वेळी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी वही चाळली. आपल्या हातची पाटी आली की ते पानावर बोट ठेवत आणि गावाचे नाव घेत, वर्ष सांगत नसत. एका ठिकाणी थांबून म्हणाले, “सर, ही माझी नाही. ही माझ्या उस्तादांची. मी फक्त दोनदा हात फिरवला.” सही त्यांची होती. आम्ही ते दाखवल्यावर म्हणाले, “ती दुकानदारानं लिवाय लावली. त्याला कुठं म्हाईत, खालचं कुणाचंय.” मग मॅडम चहा घेणार का, असे विचारून ते आत गेले.

फ्लेक्सचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीच्या फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्स चालतो. तो कुजत नाही, जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. म्हणून तो खेड्यात येतो. कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या कुडाला, कांद्याच्या चाळीवर, पालावर. जाहिरात म्हणून ज्याचे आयुष्य वर्षभराचे, तो ताडपत्री म्हणून आणखी चार वर्षे काढतो. कुठल्याच पाटीला असे दुसरे आयुष्य नव्हते, हे फ्लेक्सच्या बाजूने मान्य करायला हवे. शहराने वाचून टाकलेला मजकूर गाव पांघरतो, आणि बहुधा उलटा, छपाई आत करून, कारण पाठीचा पांढरा भाग ऊन परतवतो.

गेल्या मार्चमध्ये औंढ्याकडून परतताना आभाळ एकाएकी भरून आले. रस्त्याकडेच्या शेतात शिजवलेली हळद वाळत पसरली होती आणि घरातली सगळी माणसे ती गोळा करण्यासाठी धावत होती. आम्ही गाडी थांबवून खाली उतरलो. ढिगावर ओढण्यासाठी त्यांनी एक भला मोठा फ्लेक्स उलगडला. वसमतच्या कुठल्याशा कापड दुकानाचा असावा. नवरी निळी पडलेली, नाव अर्धे फाटलेले, खाली काळ्या अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’. आम्ही मान वाकडी करून वरचे नाव लावायचा प्रयत्न करीत होतो. थेंब पडू लागले होते. घरधनी ओरडला, “सर, वाचायलाव काय? धरा की तिकडचं टोक!”